खुल्या खाणीचा आराखडा: पहिल्या बोअरहोलपासून शेवटच्या बेंचपर्यंत

खाण किती खोल न्यायची, हा प्रश्न नवखा माणूस सगळ्यात आधी विचारतो आणि त्याचं उत्तर सगळ्यात शेवटी मिळतं. खोली ठरते खनिजाच्या भावावर, भिंतीच्या उतारावर, डंपरच्या रस्त्यावर आणि खर्चावर; आणि यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट पुन्हा खोलीवर अवलंबून असते. त्यामुळे हे काम सरळ रेषेत होत नाही. पहिल्या फेरीत ढोबळ आकडे धरायचे, खड्डा काढायचा, त्या खड्ड्यावरून आकडे सुधारायचे आणि पुन्हा काढायचा. तीन-चार फेऱ्या तर होतातच. खाली टप्पे मी कामाच्या क्रमाने दिले आहेत, पण प्रत्येक टप्प्यावर मागे जाऊन आधीचा आकडा खोडायची तयारी ठेवा.

हिशेबासाठी एक काल्पनिक तांब्याची खाण सोबत घेऊ: १० कोटी टन खनिज, सुमारे ३०० मीटर खोली. चलन कुठलंही धरा, गणित बदलत नाही.

आधी नमुन्यांची खातरजमा

आराखड्याचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी बोअरहोलच्या, म्हणजे नमुने काढायला जमिनीत मारलेल्या खोल भोकांच्या, नोंदी हातात घ्या. प्रत्येक होलच्या तोंडाचा सर्व्हे झालाय का? खाली जाताना होल किती वाकडं गेलं ते मोजलंय का? ३०० मीटर खोलीवर दोन-तीन अंशांचा फरकसुद्धा खनिजाची जागा १०-१५ मीटरने सरकवतो, म्हणजे मॉडेलमध्ये खनिज भलत्याच ब्लॉकमध्ये जाऊन बसतं.

कोअर, म्हणजे होलमधून निघालेला दगडाचा दंडगोल, उभा कापून अर्धा प्रयोगशाळेत पाठवायचा आणि अर्धा पेटीत जपून ठेवायचा, हा नियम कंटाळवाणा वाटतो. तो का पाळायचा, हे इंडोनेशियातल्या बुसांग प्रकरणाने दाखवून दिलं. ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीने तिथे सोन्याचा प्रचंड साठा सापडल्याचं जाहीर केलं होतं. कोअरचा अर्धा भाग राखून न ठेवता तो सगळाच दळायला जात होता आणि नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं जात होतं. १९९७ मध्ये दुसऱ्या कंपनीने त्याच जागी पडताळणीची होलं मारली तेव्हा सोनं नगण्य निघालं. त्यानंतर कॅनडाने खनिजसाठे जाहीर करण्याचे नियम कडक केले. २००१ पासून लागू झालेला एनआय ४३-१०१ हा त्यातूनच आलेला.

तुमच्या कामापुरतं एवढं पाहा: नमुन्यांच्या प्रत्येक खेपेत ग्रेड (खनिजातलं धातूचं प्रमाण) आधीपासून माहीत असलेला नमुना, धातू नसलेला कोरा नमुना आणि एखाद्या नमुन्याची दुबार तपासणी, हे तिन्ही मिसळलेलं असावं आणि त्यांचे निकाल कुणीतरी खरोखर वाचलेले असावेत. आणि घनता! ग्रेडवर हजारो तपासण्या होतात, घनता मात्र दोन-चार तुकड्यांवरून ठरवून टाकतात. घनता पाच टक्क्यांनी चुकली तर टनही पाच टक्क्यांनी चुकले, इतकं ते सरळ आहे.

ब्लॉक मॉडेल

आता भूशास्त्रज्ञाने आखलेल्या सीमांच्या आत जमीन चौकोनी ठोकळ्यांत कापायची. ठोकळ्याची उंची बेंचच्या, म्हणजे खड्ड्याच्या भिंतीतल्या एका पायरीच्या, उंचीइतकी ठेवली की पुढचं काम सोपं होतं. आडवं माप बोअरहोलच्या अंतरावरून ठरवा. होलं ८० मीटरवर असतील तर ५ मीटरचे ठोकळे करून काहीच हाती लागत नाही, नकाशा फक्त देखणा दिसतो. होलमधल्या अंतराच्या चौथाई ते तिहाईपेक्षा लहान ठोकळा सहसा करू नये. आपल्या उदाहरणात २० गुणिले २० गुणिले १५ मीटर धरू. म्हणजे एक ठोकळा ६,००० घनमीटर आणि २.६ घनतेने १५,६०० टन.

ठोकळ्यांत ग्रेड भरायला व्हेरिओग्राम (अंतर वाढेल तशी ग्रेड किती बदलते त्याचा आलेख) काढून क्रिगिंग (त्या आलेखावरून आसपासच्या नमुन्यांना वजन देऊन अंदाज) करतात. साठा साधा असेल तर अंतराच्या व्यस्त प्रमाणातली पद्धतही चालते. एक धोका लक्षात ठेवा. या पद्धती ग्रेड गुळगुळीत करतात. श्रीमंत ठोकळा थोडा गरीब होतो, गरीब ठोकळा थोडा श्रीमंत. त्यामुळे मॉडेलमध्ये खनिजाचे टन जास्त आणि ग्रेड कमी दिसू शकते. उलट शॉवेल (दगड उचलून डंपरमध्ये भरणारं यंत्र) प्रत्यक्षात जेवढा निवडक उचलू शकतो त्याहून बारीक ठोकळे धरले, तर मॉडेल न मिळणारं खनिज दाखवतं. म्हणून खोदताना मिसळणारा टाकाऊ दगड आणि सुटून जाणारं खनिज, दोन्ही आताच हिशेबात घ्या. जाडजूड साठ्यात दोन्ही पाच टक्क्यांच्या आसपास राहतात. पातळ, नागमोडी शिरांमध्ये कितीतरी वाढतात.

साठ्याचे वर्ग, खात्री कमी होत जाईल त्या क्रमाने, वेगळे ठेवा: मोजलेला, दर्शवलेला आणि अनुमानित. अनुमानित वर्गातल्या टनांवर खाणीचं अर्थकारण उभं करू नका. आंतरराष्ट्रीय संहिताही त्यांना राखीव साठ्यात मोजत नाहीत.

भिंत किती अंशांत उभी राहील

सगळ्या आराखड्यात सर्वांत महाग आकडा हाच. त्याला द्यायला हवा तेवढा वेळ क्वचितच दिला जातो.

३०० मीटर उंच भिंत ४५ अंशांत कापली तर वरची कड पायथ्यापासून ३०० मीटर मागे जाते. ४४ अंशांत कापली तर सुमारे ३११ मीटर. फरक अकरा मीटरसुद्धा नाही. पण मधला त्रिकोण भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला सुमारे १,६०० घनमीटर भरतो. एक किलोमीटर लांब भिंतीसाठी १६ लाख घनमीटर, म्हणजे सुमारे ४१ ते ४२ लाख टन दगड, ज्यातून एक ग्रॅम तांबं मिळणार नाही. हे एका अंशाचं! त्यामुळे भिंत उभी करण्याचा मोह कायम असतो, आणि भिंत कोसळली तर काय होतं हेही सगळ्यांना माहीत असतं.

उतार तीन पातळ्यांवर पाहायचा: एका बेंचचा दर्शनी कोन, दोन रॅम्पमधल्या (खड्ड्यात उतरणाऱ्या रस्त्यांमधल्या) बेंचगटाचा कोन आणि तळापासून माथ्यापर्यंतचा एकूण कोन. बोलताना लोक तिन्हींना नुसतं 'उतार' म्हणतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. अहवालात ४९ अंश लिहिलेलं असतं ते बेंचगटासाठी, आणि आराखडा करणारा तो आकडा सगळ्या भिंतीला लावून टाकतो. अहवाल हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: हा कोन कुठला?

हिशेब असा. बेंच १५ मीटर उंच, दर्शनी कोन ७० अंश. सुटून पडणारे दगड अडवायला प्रत्येक बेंचला आडवी पट्टी, म्हणजे बर्म लागतो. त्याच्या रुंदीचा प्रचलित ठोकताळा: उंचीचा पाचवा भाग अधिक साडेचार मीटर. १५ मीटरसाठी ३ अधिक ४.५, म्हणजे ७.५ मीटर. ७० अंशांमुळे दर्शनी भाग आणखी ५.४६ मीटर मागे जातो. म्हणजे १५ मीटर उभं जाताना आपण सुमारे १३ मीटर आडवं सरकलो. कोन आला ४९ अंश. आता ३०० मीटर भिंतीत २० बेंच आहेत आणि ३० मीटर रुंद रॅम्प ती भिंत दोनदा ओलांडतो असं धरा. दोन बर्मच्या जागी दोन रॅम्प आले की एकूण कोन ४५ अंशांवर येतो. चार अंश रस्त्याने खाल्ले.

हे झालं भूमितीचं. दगडाला हे मान्य आहे का, ते वेगळं तपासावं लागतं. कठीण दगडात भिंत दगडाच्या ताकदीमुळे क्वचित पडते. ती पडते सांध्यांमुळे, म्हणजे दगडातल्या भेगांमुळे. सांधे भिंतीच्या दिशेने, भिंतीपेक्षा कमी अंशांत कललेले असतील तर सरळ घसरण. दोन सांधे एकमेकांना छेदून पाचर मोकळी करत असतील तर पाचरीची घसरण. सांधे भिंतीच्या आत, जवळजवळ उभे कलत असतील तर पत्त्यांच्या चवडीसारखे थर पुढे कोलमडतात. मऊ, कुजलेल्या दगडात किंवा मातीत मात्र वर्तुळाकार घसरण होते. एकाच खड्ड्याच्या चार भिंतींना चार वेगळे कोन लागू शकतात, कारण सांध्यांची दिशा तीच राहते आणि भिंत फिरते. म्हणून खड्डा विभागांत वाटा आणि प्रत्येक विभागाला स्वतःचा कोन द्या.

यासाठी दिशा नोंदलेला कोअर लागतो, नुसता ग्रेडसाठी काढलेला नव्हे. आरक्यूडी, म्हणजे १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले काढलेली लांबी, हा पहिला अंदाज देतो, पण सांधे कुठल्या दिशेला आहेत ते सांगत नाही. स्थैर्याच्या हिशेबात सुरक्षा गुणांक (भिंत धरून ठेवणारी ताकद भागिले तिला खाली ओढणारी) मोठ्या भिंतींसाठी साधारण १.२ ते १.३ मागतात, भिंतीच्या माथ्यावर क्रशर (खनिज फोडणारं यंत्र) किंवा मुख्य रस्ता असेल तर त्याहून जास्त.

आणि पाणी. भिंतीमागे साचलेलं पाणी सांध्यांत दाब देतं आणि दगडाची धरून राहण्याची ताकद कमी करतं. आडव्या नळ्या मारून ते उतरवलं तर तीच भिंत दोन-तीन अंश उभी ठेवता येऊ शकते. ४१ लाख टनांचा हिशेब आठवा आणि नळ्यांचा खर्च त्याशेजारी मांडा.

भिंतीवर पाळत ठेवण्याची सोयही आराखड्यातच धरा. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या बिंगहॅम कॅनियन खाणीत १० एप्रिल २०१३ रोजी दोन टप्प्यांत कोट्यवधी टन दगड खाली आला. रडार आणि इतर उपकरणांनी हालचाल आधीच टिपली होती, खड्डा रिकामा केला होता आणि एकाही माणसाला इजा झाली नाही. मुख्य रॅम्प आणि यंत्रं मात्र गाडली गेली. माणसं वाचणं आणि उत्पादन वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी खड्ड्यातून बाहेर पडायला दुसरा रस्ता लागतो.

कट-ऑफ आणि ठोकळ्याची किंमत

कट-ऑफ म्हणजे ज्याखाली खनिज प्रक्रियेला पाठवणं परवडत नाही ती ग्रेड. तांब्याचा भाव टनाला ८,००० धरू. विक्री आणि शुद्धीकरणाला ८०० जातात, उरले ७,२००. प्रक्रियेत ८८ टक्के धातू हाती लागतो. म्हणजे खनिजातल्या प्रत्येक टन तांब्यामागे ६,३३६. प्रक्रिया आणि प्रशासनाचा खर्च खनिजाच्या टनामागे १४, खोदून वाहण्याचा २.५.

खोदाईसकट सगळा खर्च निघायचा तर १६.५ भागिले ६,३३६, म्हणजे ०.२६ टक्के ग्रेड लागते. पण खड्ड्याची हद्द ठरली आहे आणि हा ठोकळा वाटेतच आहे, म्हणजे तो तसाही उचलायचाच आहे, तर खोदाईचा खर्च दोन्हीकडे सारखा. मग प्रश्न एवढाच की डंपर डंपकडे (टाकाऊ दगडाच्या ढिगाकडे) वळवायचा की क्रशरकडे. तिथे १४ भागिले ६,३३६, म्हणजे ०.२२ टक्के पुरेसं. या दोन आकड्यांची सरमिसळ करू नका.

०.६ टक्क्यांच्या एका टनातून ३८ मिळतात, १६.५ वजा जाता २१.५ उरतात. त्यातून २.५ च्या दराने ८.६ टन टाकाऊ दगड काढता येतो. या ग्रेडला परवडणारं सर्वांत मोठं स्ट्रिपिंग प्रमाण (खनिजाच्या एका टनामागे टाकाऊ दगड) ते हेच. अख्ख्या खाणीचं सरासरी प्रमाण याच्या खूप खाली असायला हवं, ८.६ ही कडेच्या शेवटच्या पट्टीसाठीची सीमा आहे.

प्रत्येक ठोकळ्याला असाच आकडा चिकटवा: खनिज असेल तर अधिक, दगड असेल तर उणे. खोलीनुसार वाहतुकीचा खर्च वाढवायला विसरू नका. प्रत्येक बेंच खाली गेलं की डंपरची फेरी लांबते.

खड्ड्याची हद्द

आता प्रश्न असा: उतार सांभाळून कुठले ठोकळे काढले तर बेरीज सर्वांत मोठी येईल? कागदावर एक छेद काढून पाहा. ४५ अंश उतार धरला तर तिसऱ्या थरातला एक ठोकळा काढायला त्याच्या वरचे तीन आणि त्यांच्या वरचे पाच, असे आठ काढावे लागतात. प्रत्येक दगडी ठोकळा उणे १. खालचा ठोकळा अधिक १० असेल तर २ उरतात, काढा. अधिक ६ असेल तर २ चा तोटा, सोडा.

पण तिसऱ्या थरात शेजारी-शेजारी दोन ठोकळे आहेत, दोन्ही अधिक ६. एकेकटा तपासला तर दोन्ही नापास. दोन्ही एकत्र काढायला मात्र वरचे सोळा नव्हे, फक्त दहाच दगडी ठोकळे लागतात: दुसऱ्या थरात चार, पहिल्यात सहा. बारा वजा दहा, नफा २. ओझं वाटून घेतल्यावर दोघं मिळून तरले. एकेक ठोकळा घेऊन त्यावर शंकू ठेवून पाहणारी जुनी पद्धत इथेच फसायची.

लर्क्स आणि ग्रॉसमन यांनी १९६५ मध्ये हा प्रश्न आलेख-सिद्धांताने पक्का सोडवला; दिलेल्या आकड्यांसाठी त्यांचं उत्तर खरोखर सर्वोत्तम असतं. आता बरीच सॉफ्टवेअर त्याहून वेगवान स्यूडोफ्लो पद्धत वापरतात, उत्तर तेच येतं. 'दिलेल्या आकड्यांसाठी' हे शब्द मात्र अधोरेखित करून ठेवा. भाव, उतार आणि वसुली (प्रक्रियेत हाती लागणारा धातू) तुम्ही दिलेली आहे. संगणकाने फक्त बेरीज केली.

म्हणून एकच खड्डा काढून थांबत नाहीत. भावाला ०.३, ०.४, ०.५ असे गुणक लावत १ च्या पुढेपर्यंत जायचं. प्रत्येक गुणकाला एक खड्डा मिळतो आणि ते वाट्यांसारखे एकात एक बसतात. सर्वांत आतली वाटी म्हणजे भाव पडला तरी टिकणारं खनिज. सुरुवात तिथूनच करायची.

गुणक १ ची वाटी म्हणजे अंतिम हद्द, असं वाटतं. मला ते सहसा पटत नाही. बाहेरच्या पट्टीतला दगड आधी काढायचा आणि त्याखालचं खनिज कित्येक वर्षांनी हाती यायचं. दहा टक्के सवलत दराने दहा वर्षांनंतरच्या १०० चं आजचं मोल ३८-३९ इतकंच. कालमूल्य धरलं की सर्वोत्तम खड्डा बहुतेक वेळा गुणक १ च्या आतच सापडतो. खड्ड्यांचा आलेख काढा: आडव्या अक्षावर टन, उभ्यावर निव्वळ वर्तमान मूल्य. माथ्याजवळ रेषा सपाट होते. त्या सपाटीवरचा लहान खड्डा निवडावा, असं माझं मत. मोठा खड्डा जवळजवळ तेवढेच पैसे देतो आणि जोखीम जास्त घेतो. पुढे भाव वाढला तर खड्डा वाढवता येतो; काढून टाकलेला दगड परत ठेवता येत नाही. फक्त डंप आणि इमारती मोठ्या वाटीच्या बाहेर ठेवा, म्हणजे वाढवायची वेळ आली तर आपलंच बांधकाम आड येणार नाही.

टप्पे आणि रस्ता

अंतिम हद्दीपर्यंत एकदम खोदत गेलात तर पहिली काही वर्षं फक्त दगडच निघेल. म्हणून खड्डा कांद्यासारखा टप्प्याटप्प्याने रुंदावतात. आतल्या वाट्यांचा आकार पाहून तीन-चार टप्पे निवडा. दोन टप्प्यांमधलं अंतर शॉवेलला फिरायला आणि डंपरला वळून मागे लागायला पुरेल इतकं हवं. मोठ्या यंत्रांना ४० ते ८० मीटर लागतात. सॉफ्टवेअर कधीकधी एका बाजूला १२ मीटरची पट्टी काढून देतं. तिथे कुणीच काम करू शकणार नाही. ती हाताने पुसायची.

आता रस्ता. दुहेरी रस्त्याची रुंदी सर्वांत रुंद डंपरच्या साडेतीनपट. डंपर साडेसहा मीटर रुंद असेल तर सुमारे २३ मीटर, त्यात कडेचा बांध आणि भिंतीकडचं गटार मिळून २८ ते ३० मीटर. बांधाची उंची निदान सर्वांत मोठ्या टायरच्या निम्म्याइतकी ठेवतात. चढ ८ ते १० टक्के. दहा टक्क्यांनी ३०० मीटर उतरायला तीन किलोमीटर रस्ता लागतो, आणि तो कुठल्या ना कुठल्या भिंतीत बसवावाच लागतो. वळणावर चढ कमी करा, नाहीतर आतल्या बाजूच्या चाकांना फार तीव्र चढ मिळतो. तळाच्या शेवटच्या दोन-तीन बेंचना एकेरी रस्ता चालतो. तिथे रुंदी वाचवली तर अडकलेलं बरंच खनिज सुटतं.

रॅम्प खड्ड्याभोवती गोल फिरवायचा की एकाच भिंतीवर पुढे-मागे वळवायचा? गोल रॅम्प वाहतुकीला सोपा, पण तो प्रत्येक भिंतीला छेदतो. एक भिंत कमकुवत असेल तर अख्खा रस्ता तिच्या भरवशावर राहतो. पुढे-मागे वळणारा रॅम्प चांगल्या भिंतीवर ठेवता येतो, मात्र वळणं डंपरचा वेग आणि टायर दोन्ही खातात. रॅम्पचं वरचं तोंड कुठे उघडतं तेही पाहा. क्रशर पूर्वेला आणि रॅम्प पश्चिमेला असेल, तर खाणीच्या आयुष्यभर प्रत्येक फेरीला तो वळसा पडतो.

रेखाटन तळापासून वर करत जा. तळाचा बेंच, रॅम्पची सुरुवात, दर्शनी भाग, बर्म, पुढचा बेंच. वर पोचल्यावर रस्त्यासकटच्या खड्ड्यातले टन आणि धातू संगणकाच्या वाटीशी ताडून पाहा. टाकाऊ दगड थोडा वाढणारच. फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर बहुधा सुरुवातीला दिलेल्या एकूण कोनात रॅम्प धरलेला नव्हता. कोन सुधारा आणि हद्दीचा हिशेब पुन्हा चालवा.

वेग आणि यंत्रं

खाणीच्या आयुष्याचा पहिला अंदाज टेलरच्या नियमाने घेतात: राखीव टनांचं चौथं मूळ गुणिले ०.२. दहा कोटींचं चौथं मूळ १००, म्हणजे २० वर्षं, वर्षाला ५० लाख टन खनिज. स्ट्रिपिंग प्रमाण २ धरलं तर एकूण हलवायचे दीड कोटी टन.

शॉवेलचं बकेट १० घनमीटर. दगड खणल्यावर ३० टक्के फुगतो, म्हणून २.६ घनतेचा दगड सैल झाल्यावर २ राहतो. बकेट ९० टक्के भरलं तर एका उचलीत १८ टन. १०० टनी डंपर सहा उचलींत भरतो, जागेवर लागण्यासकट चार मिनिटांत. तासाला १५ डंपर, १,५०० टन. वर्षाच्या ८,७६० तासांतून यंत्राची उपलब्धता ८५ टक्के, वापर ८० टक्के आणि तासात ५० मिनिटं खरं काम धरलं तर हाती येतात सुमारे ४,९५० तास. म्हणजे शॉवेलमागे वर्षाला ७४ लाख टन. दोन शॉवेल कागदावर जवळजवळ पुरतात, आणि हे 'जवळजवळ'च नडतं. जोडीला एक मोठा व्हील लोडर ठेवा, तो साठ्याचा ढीगही उचलेल.

डंपरची फेरी भरणे ४, जाणे १०, ओतणे दीड, परतणे साडेसहा, अशी २२ मिनिटांची असेल तर एका शॉवेलला साडेपाच डंपर लागतात. पाच ठेवले तर शॉवेल थांबतो, सहा ठेवले तर डंपर रांगेत उभे राहतात. दहाव्या वर्षी खड्डा खोल झाला की फेरी ३० मिनिटांवर जाते आणि तोच हिशेब साडेसात डंपर मागतो. यंत्रखरेदीचं अंदाजपत्रक पहिल्या वर्षाच्या फेरीवर करणं ही फार नेहमीची चूक आहे.

सुरुंगाचं काम थोडक्यात: भोकांची ओळ आणि मोकळा दर्शनी भाग यांतलं अंतर भोकाच्या व्यासाच्या २५ ते ३५ पट धरून सुरुवात करा आणि दगड कसा फुटतो ते पाहून बदला. अंतिम भिंतीजवळ मात्र आधी दाट, हलक्या भोकांची ओळ फोडून चीर पाडून घ्या. ७० अंशांचा दर्शनी भाग कागदावर काढणं सोपं आहे. बेफिकीर सुरुंगाने तो ६० चा होतो, बर्म तुटतात आणि वरचा सगळा उताराचा हिशेब वाया जातो.

वेळापत्रक

पहिली पाच वर्षं तिमाहीने आखा, पुढची वर्षाने. पाहायचं असतं ते हे: क्रशरला रोज पुरेसं खनिज, एकूण टनांत फार चढउतार नाहीत, आणि कुठलाही टप्पा वर्षाला फार बेंच खाली जात नाही. एका टप्प्यात वर्षाला सहा-आठ बेंचपेक्षा जास्त उतरायची योजना दिसली तर मला शंका येते. प्रत्येक नव्या बेंचला रॅम्प उतरवायचा असतो, पाणी काढायचं असतं आणि जागा मोकळी व्हायची वाट पाहायची असते.

सुरुवातीच्या वर्षांत कट-ऑफ थोडा वर ठेवून चांगलं खनिज प्रक्रियेला आणि मधलं खनिज ढिगावर ठेवता येतं. पैसे लवकर येतात. मात्र सल्फाइड (गंधकयुक्त) खनिज ढिगावर वर्षानुवर्षं राहिलं तर त्याचा पृष्ठभाग ऑक्सिडाइज होतो आणि वसुली घसरते. ढिगालाही आयुष्य असतं.

पैशांच्या टंचाईत स्ट्रिपिंग पुढे ढकलायचा मोह होतो. दोन वर्षं आकडे छान दिसतात. तिसऱ्या वर्षी उघडं खनिज संपतं, पुढचा टप्पा अजून दगडात असतो आणि क्रशर उपाशी राहतो.

डंप, पाणी आणि बंद करणं

डंपची जागा निवडल्यावर तिथे आधी काही होलं मारून खाली खनिज नाही याची खात्री करा. २ कोटी टन दगड ओतल्यावर त्याखाली साठा सापडणं कुणालाच नको असतं. सैल दगड साधारण ३७ अंशांत स्थिरावतो, पण पुढे झाडं लावायची तर उतार त्याहून बराच सौम्य लागतो, म्हणजे डंपचा पाया मोठा. ती जमीन आताच धरा. वरची सुपीक माती वेगळी साठवा आणि फार उंच ढीग करू नका, ती मरते.

पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असलेला दगड हवा-पाण्यात आम्ल सोडतो आणि त्यात धातू विरघळतात. असा दगड ब्लॉक मॉडेलमध्येच वेगळा रंगवा, म्हणजे डंपरचालकाला तो कुठे ओतायचा ते सांगता येईल आणि तो डंपच्या पोटात, आम्ल शोषणाऱ्या दगडात गुंडाळता येईल. एकदा मिसळला की निवडून काढता येत नाही.

बाहेरचं पावसाचं पाणी खड्ड्यात येऊच नये म्हणून कडेने चर फिरवा. आत पडलेलं पाणी तळाच्या खळग्यात गोळा करून उपसा. पंपाची क्षमता सरासरी पावसावर ठरवू नका. मोठ्या पावसानंतर तळ किती दिवस बुडालेला चालेल ते आधी ठरवा आणि तेवढे दिवस पुरेल इतकं खनिज वरच्या बेंचवर उघडं ठेवा.

साठा खाली तसाच चालू राहत असेल तर एका खोलीनंतर भूमिगत खाण स्वस्त पडते. चिलीतल्या चुकिकामाता खाणीने शतकभर खुली खोदाई केल्यावर २०१९ मध्ये भूमिगत उत्पादन सुरू केलं. तशी शक्यता असेल तर बोगद्यांची तोंडं आणि शाफ्ट खड्डा संपण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू व्हायला हवेत, आणि शेवटच्या टप्प्याची भिंत त्यांच्यावर कोसळणार नाही अशी जागा त्यांना आराखड्यात राखावी लागते.

खाण चालू झाल्यावर दर महिन्याला तीन आकडे शेजारी मांडा: मॉडेलने सांगितलेले टन आणि ग्रेड, सुरुंगाच्या भोकांच्या नमुन्यांतून आलेले, आणि प्रक्रिया कारखान्याने प्रत्यक्ष मोजलेले. पहिल्या दोघांत सतत फरक असेल तर दोष मॉडेलमध्ये शोधा; शेवटच्या दोघांत असेल तर खोदाईतल्या सरमिसळीत किंवा वजनकाट्यावर. सहा महिने फरक एकाच बाजूला राहिला, की ब्लॉक मॉडेल पुन्हा उघडा आणि हद्दीचा हिशेब नव्याने चालवा.